प्रोफेसर देवधर आणि महाराष्ट्राचे दोन हंगाम

नाशिक शहरात ज्या मैदानास जुने लोक अद्यापि गोल्फ क्लबाचे मैदान म्हणतात, त्याचे आजचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. जानेवारी २०२५ मध्ये या मैदानावर महाराष्ट्र आणि बडोदे या दोन संघांत रणजी स्पर्धेचा सामना झाला व त्यात महाराष्ट्राने मोठ्या फरकाने विजय मिळविला. नाशिककरांनी तो सामना हौसेने पाहिला. परंतु त्या गर्दीतील किती जणांस ठाऊक असेल, की याच बडोद्याच्या संघाविरुद्ध पंच्याऐंशी वर्षांपूर्वी पुण्यात खेळताना महाराष्ट्राच्या एका गड्याने रणजी स्पर्धेतील पहिले त्रिशतक काढले होते. आणि ज्या हंगामात ते निघाले, त्या हंगामात व त्याच्या पुढच्या हंगामात, अशी लागोपाठ दोन वर्षे, ही स्पर्धा महाराष्ट्राने जिंकली होती? हे दोन हंगाम म्हणजे १९३९-४० आणि १९४०-४१. त्यानंतर २०२४-२५ पर्यंतच्या एकाही हंगामात महाराष्ट्राच्या हाती तो करंडक आला नाही. म्हणून त्या दोन वर्षांची हकीकत केवळ जुन्या पराक्रमाची आठवण नव्हे. संघ कसा उभा राहतो आणि उभा राहिलेला संघ कसा विखुरतो, या दोन्ही गोष्टी तिच्यात दिसून येतात.

प्रथम स्पर्धेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. रणजी स्पर्धेस १९३४-३५ साली आरंभ झाला. तिच्यातील पहिला सामना ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रास व म्हैसूर यांच्यात मद्रासेस सुरू झाला आणि त्याच दिवशी संपलाही. त्या काळी स्पर्धेची रचना बाद पद्धतीची होती. एक सामना हरला की त्या वर्षाचा खेळ संपला. आजच्याप्रमाणे गटातील प्रत्येकाशी खेळून गुण मिळविण्याची सोय तेव्हा नव्हती. ती १९५७-५८ पासून आली. सामना नियत दिवसांत पुरा झाला नाही, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा अधिक, तो संघ पुढे जाई. या नियमाचा खेळावर फार मोठा परिणाम झाला. प्रतिपक्षाचे वीस गडी बाद करण्यापेक्षा पहिल्या डावात डोंगराएवढ्या धावा रचणे हीच जिंकण्याची खात्रीची वाट ठरली. त्या काळच्या सामन्यांत सहाशे-सातशे धावांचे डाव दिसतात, त्याचे अर्धे कारण खेळपट्टीत असले तर अर्धे या नियमात आहे.

पहिली दोन वर्षे मुंबईने करंडक नेला. पुढे १९३६-३७ साली नवानगरचा विजय झाला. नवानगर म्हणजे स्वतः रणजितसिंहांचे संस्थान. त्याच्यापाशी अमरसिंग होता, तरुण विनू मांकड होता, आणि ससेक्स परगण्याकडून खेळणारा वेन्स्ली हा धंदेवाईक इंग्रज खेळाडू त्या संघाचा कप्तान होता. १९३७-३८ साली हैदराबादने आणि १९३८-३९ साली बंगालने करंडक जिंकला. बंगालचा कप्तान लाँगफील्ड हाही इंग्रजच होता. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत जे जिंकले, त्यांच्या पाठीशी मुंबई-कलकत्त्यासारखी धनाढ्य शहरे तरी होती, किंवा राजदरबार तरी होता. महाराष्ट्राजवळ यांपैकी काय होते? पुणे शहर, आसपासचे जिल्हे, दक्षिणेतील लहानसहान संस्थाने आणि महाविद्यालयांची क्रीडांगणे. कोणा एका मोठ्या दरबाराची तिजोरी या संघामागे नव्हती.

महाविद्यालयांचा उल्लेख येथे मुद्दाम केला. परका खेळ एखाद्या देशात रुजतो तेव्हा तो बहुधा विद्यार्थ्यांच्या हातूनच रुजतो, असा अनुभव आहे. ज्या १९३४ साली हिंदुस्थानात रणजी स्पर्धा सुरू झाली, त्याच साली जपानात टोकिओच्या रिक्क्यो, मेइजी आणि वासेदा या तीन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकन फुटबॉलचे संघ काढून आपसांत सामने सुरू केले, आणि पुढे त्या देशात तो खेळ विद्यापीठांच्याच आश्रयाने वाढला. आपल्याकडेही १९३५-३६ पासून विद्यापीठांसाठी रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा सुरू झाली. पुण्यात मात्र विद्यार्थी आणि क्रिकेट यांचा संबंध त्याहून कितीतरी जुना होता. तो संबंध ज्यांच्या ठायी मूर्तिमंत झाला, ते गृहस्थ क्रिकेटचे धंदेवाईक शिक्षक नव्हते. ते संस्कृतचे प्राध्यापक होते.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यास झाला. शिक्षण प्रसारक मंडळीच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. सकाळी कालिदास आणि सायंकाळी क्रिकेट, असे आयुष्य या माणसाने वर्षानुवर्षे घालविले. १९११ साली, वयाच्या विसाव्या वर्षात, ते पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये उतरले. तो बाळू आणि विठ्ठल या पाळवणकर बंधूंचा काळ. ज्या बाळूने पुण्याच्या युरोपियन क्लबात साहेबांना चेंडू टाकता टाकता आपली कला कमावली आणि १९११ साली इंग्लंडात जाऊन शंभरांवर गडी बाद केले, त्याच्या जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. तो मान पुढे त्याचा भाऊ विठ्ठल यास १९२३ साली मिळाला. देवधरांनी हे सर्व जवळून पाहिले असले पाहिजे. संघ निवडताना माणसाचा खेळ पाहावा की त्याचे कूळ, हा प्रश्न त्या पिढीच्या प्रत्येक खेळाडूसमोर उघड उभा होता.

१९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगन याच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानात आला होता. मुंबईस त्यांच्याविरुद्ध हिंदू संघाकडून सी. के. नायडू यांनी १५३ धावा फटकावल्या, ही गोष्ट सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्याच दौऱ्यात मुंबईसच झालेल्या अखिल हिंदुस्थानच्या सामन्यात देवधरांनी १४८ धावा काढल्या, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. हिंदुस्थानचे खेळाडू कसोटी सामन्यांच्या योग्यतेचे आहेत, असे इंग्रज पाहुण्यांस वाटू लागले ते अशा खेळींमुळे. त्यानंतर दोन वर्षांनी, १९२८ च्या डिसेंबरात, क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले, आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला.

त्या सामन्यात देवधर नव्हते. ते तेव्हा चाळीस वर्षांचे होते, आणि चाळिशी उलटलेला गडी इंग्लंडच्या दौऱ्यास कशाला, असा निवड करणाऱ्यांचा विचार होता. १९३६ च्या दौऱ्याच्या वेळी तर ते चव्वेचाळीस वर्षांचे झाले होते. ज्या दरवाजाची कडी वाजविण्यात त्यांचा हात होता, तो दरवाजा उघडला तेव्हा त्यांना आत घेण्यात आले नाही. एकही अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वाट्यास आला नाही. अशा प्रसंगी माणूस एक तर कडवट होतो, नाही तर निवृत्त होऊन जुन्या गोष्टी सांगत बसतो. देवधरांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी व्यायाम सोडला नाही, मैदान सोडले नाही, आणि महाराष्ट्र नावाचा एक नवा संघ बांधावयास घेतला.

या नावाकडेही क्षणभर लक्ष द्यावे. त्या काळी महाराष्ट्र नावाचे राज्य नव्हते, प्रांतही नव्हता. पुणे, नाशिक, सातारा हे जिल्हे मुंबई इलाख्यात मोडत, नागपूर-अमरावती मध्यप्रांत-वऱ्हाडात, तर सांगली, जत, कोल्हापूर ही संस्थाने निराळी. राजकीय नकाशावर महाराष्ट्र उमटला तो १ मे १९६० रोजी. परंतु धावफलकावर ते नाव त्याआधी पंचवीस वर्षे लागलेले होते. क्रिकेटमधील या महाराष्ट्रात मुंबई नव्हती व विदर्भही नव्हता, आणि ती विभागणी अद्यापि तशीच आहे; तथापि 'महाराष्ट्र' या नावाने अकरा माणसे एकत्र येऊन परप्रांतांशी झुंजली आणि त्यांच्या जयापजयाने गावोगावच्या लोकांस आनंद वा खेद झाला, ही गोष्ट लहान नव्हे.

आता या संघातील माणसे पाहू. विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीस झाला. मराठी ख्रिस्ती घराणे, वडील शिक्षक, घरात आठ भावंडे. हजारे महाराष्ट्राकडून खेळू लागले ते १९३४-३५ पासून. पुढे जतच्या राजांनी ऑस्ट्रेलियाचा विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यास आपल्या संस्थानात शिक्षक म्हणून बोलाविले, तेव्हा हजाऱ्यांना त्याचे धडे घेण्याची संधी मिळाली. मितभाषी, सौम्य आणि अतिशय चिवट असा हा तरुण होता. दुसरे श्रीरंग वासुदेव सोहोनी, ज्यांना क्रिकेटचे जग रंगा सोहोनी म्हणून ओळखते. १९१८ चा जन्म, नव्या चेंडूने गोलंदाजी करावयाची आणि फलंदाजीतही आघाडीस उभे राहावयाचे, असा दुहेरी उपयोगाचा गडी. तिसरे नागरवाला, हे पारशी. पुढे १९४०-४१ साली चंदू सरवटे व सदू शिंदे यांसारखे तरुण येऊन मिळाले. आणि या सर्वांवर कप्तान म्हणून सत्तेचाळीस वर्षांचे प्रोफेसर. संघातील कित्येकांचे वय इतके होते की ते त्यांच्या वर्गात शोभले असते.

१९३९ च्या सप्टेंबरात युरोपात महायुद्ध पेटले. त्या हिवाळ्यात एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानात यावयाचा होता. तो दौरा रद्द झाला. इंग्लंडातील परगण्यांचे सामनेही पुढच्या वर्षी थांबले. हिंदुस्थानात मात्र रणजी स्पर्धा युद्धाच्या सहाही हंगामांत अखंड चालू राहिली. ही परंपरा इतकी अभंग होती, की ती प्रथम खंडित झाली ती २०२०-२१ साली, करोनाच्या साथीमुळे. परदेशी पाहुणे येणार नाहीत म्हटल्यावर १९३९-४० साली लोकांचे सारे लक्ष आपल्याच प्रांतांच्या सामन्यांकडे लागले.

त्या हंगामात पुण्यास बडोद्याशी गाठ पडली. या सामन्यात हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेत तोवर कोणीही तीनशेचा पल्ला गाठला नव्हता. परंतु ३१६ या आकड्यापेक्षाही त्यातील एक भाग अधिक बोलका आहे. महाराष्ट्राचे आठ गडी बाद झाले तेव्हा नागरवाला खेळावयास आले. आठ गडी पडले म्हणजे डाव आटोपला, असेच सामान्यतः समजतात. प्रेक्षकही अंगरखे सावरून उठू लागतात. येथे मात्र या दोघांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भागी केली. नागरवाला ९८ धावांवर बाद झाले. दोन धावांनी त्यांचे शतक हुकले. ही भागी पुढे अनेक वर्षे हिंदुस्थानातील नवव्या गड्याचा उच्चांक म्हणून नोंदली जात होती. शेवटच्या क्रमाच्या गड्यानेही आपली विकेट मोलाची समजावी, अशी शिस्त ज्या संघात असते, त्याच संघात असे घडू शकते. त्रिशतक एकट्याच्या हिमतीवर होत नाही. दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभे राहावे लागते.

त्या हंगामाचा अंतिम सामना पुण्यातच संयुक्त प्रांताशी झाला. त्यांच्याकडे फिरोज पालिया होते, १९३२ च्या लॉर्ड्सच्या सामन्यातील एक खेळाडू. पालियांनी या अंतिम सामन्यात २१६ धावा काढून एकट्याने झुंज दिली, आणि त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील ती सर्वांत मोठी खेळी ठरली. तथापि ती पुरी पडली नाही. महाराष्ट्राने दहा गडी राखून सामना जिंकला. एकीकडे द्विशतक काढणारा एकटा वीर आणि दुसरीकडे बरोबरीने भार उचलणारे अनेक, यांतील अंतर त्या निकालात दिसते. करंडक प्रथमच पुण्यास आला.

एकदा जिंकणे दैवाचेही असू शकते, असे म्हणणारे लोक नेहमीच असतात. त्यांना उत्तर मिळाले ते पुढच्या वर्षी, आणि ते उत्तर मुंबईला मिळाले. १९४०-४१ च्या हंगामात मुंबई व महाराष्ट्र यांचा सामना पुण्यास झाला. महाराष्ट्राने पहिल्या डावात ६७५ धावा केल्या. त्यांत देवधरांच्या २४६ होत्या. वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पुरी झालेला मनुष्य, ज्याला आठ वर्षांपूर्वी वयस्क म्हणून बाजूस सारले होते, तो मुंबईच्या तरुण गोलंदाजांस तासन् तास तोंड देत उभा राहिला. त्यांच्या जन्मभराच्या खेळातील हीच सर्वांत मोठी धावसंख्या. तिशीत फलंदाजाचा बहर असतो म्हणतात. या माणसाचा बहर पन्नाशीच्या उंबरठ्यावर आला.

मुंबईनेही हार मानली नाही. खंडू रांगणेकर यांनी २०२ धावा काढल्या आणि मुंबईची धावसंख्या वाढत वाढत ६५० वर गेली. सहाशे पन्नास धावा करूनही मुंबई पंचवीस धावांनी मागे राहिली, व पहिल्या डावाच्या नियमाने महाराष्ट्र पुढे गेला. तेराशे पंचवीस धावांच्या त्या रणकंदनात निकाल लागला तो पंचवीस धावांवर. याच हंगामात सोहोनींनी पश्चिम हिंदुस्थान संस्थानांच्या संघाविरुद्ध नाबाद २१८ धावा काढल्या; त्यांच्या एकंदर धावा त्या वर्षी ६५५ झाल्या आणि सरासरी १३१ पडली. मोजके सामने खेळावयास मिळणाऱ्या त्या स्पर्धेत हा आकडा विलक्षण होय.

याच सुमारास क्रिकेटच्या जगात एक निराळा वाद पेटला होता. मुंबईस दरवर्षी पंचरंगी सामने होत. त्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'इतर' असे पाच संघ धर्माच्या नावाने उतरत. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास महात्मा गांधींचा सल्ला घेण्यास गेले, तेव्हा गांधीजींनी खेळाच्या मैदानावर अशा जातवार संघांस जागा नसावी, असे आपले मत स्पष्ट सांगितले. पुढे १९४५-४६ च्या हंगामानंतर हे सामने कायमचे बंद पडले. या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्याच महिन्यांत पुण्याच्या मैदानावर जे चालले होते, ते कोणत्याही लेखापेक्षा अधिक स्पष्ट होते. पंचरंगी सामन्यांत हजारे ख्रिस्ती म्हणून 'इतरां'त मोडत आणि देवधर हिंदूंच्या संघाचे. महाराष्ट्राच्या संघात मात्र ब्राह्मण प्राध्यापक कप्तान होते, ख्रिस्ती हजारे त्यांचा मुख्य आधार होते, आणि पारशी नागरवाला नवव्या गड्यास उभे राहिले होते. तेथे 'इतर' असा कोणी नव्हताच. ज्या गावात राहावयाचे, त्या गावासाठी खेळावयाचे, एवढाच तो साधा विचार होता. आणि अखेरीस देशाने तोच स्वीकारला.

१९४०-४१ चा अंतिम सामना मद्रासेस झाला. पहिल्या वर्षी अंतिम सामना घरच्या मैदानावर होता. आता प्रतिपक्षाच्या घरी जाऊन, समुद्रकाठच्या दमट हवेत, परक्या खेळपट्टीवर आणि परक्या प्रेक्षकांसमोर खेळावयाचे होते. महाराष्ट्राने तो सामना सहा गडी राखून जिंकला. पुण्याहून मद्रासेपर्यंत जाऊन मिळविलेला हा विजय पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा मानावा लागतो, कारण घरच्या खेळपट्टीचा फायदा मिळाला म्हणून जिंकले, असे आता कोणासही म्हणता येईना.

येथे ही कथा संपती, तर ती सुखान्त झाली असती. परंतु इतिहास करंडकाच्या मिरवणुकीपाशी थांबत नाही. १९४१ नंतर हजारे बडोद्याच्या महाराजांच्या नोकरीत गेले व बडोद्याकडून खेळू लागले. १९४२-४३ साली करंडक बडोद्याने जिंकला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्यासाठी हजारे आणि गुल महमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी करून जगाचा विक्रम केला. हजाऱ्यांच्या २८८ आणि गुल महमदांच्या ३१९. सरवटे होळकरांच्या आश्रयास इंदूरला गेले आणि तेथेच नावारूपास आले. म्हणजे पुण्यात वाढलेले रोप बडोद्याच्या व इंदूरच्या बागेत फळले.

याबद्दल त्या खेळाडूंस दोष देणे अन्यायाचे होईल. त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरत नसे. प्रथम दर्जाच्या सामन्यांचे मानधन ही कल्पनाही तेव्हा नव्हती. ज्याच्या घरी पैसा नाही, त्याला खेळासाठी सवड देणारी नोकरी हवी. आणि तशी नोकरी देण्याचे सामर्थ्य होते ते संस्थानिकांजवळ. शिक्षकाच्या मुलाने बडोद्यातील स्थिर नोकरी पत्करली, तर तो व्यवहार कोणताही सुजाण बाप मान्य करील. प्राध्यापक आपल्या मुलांस खेळ शिकवू शकतो, शिस्त लावू शकतो, स्वतः पुढे उभा राहून धैर्य देऊ शकतो. त्यांच्या संसाराची तजवीज तो कोठून करणार? महाराष्ट्राचा संघ दोन वर्षे उभा राहिला तो गुणांच्या बळावर, आणि विखुरला तो द्रव्याच्या अभावी. हाच या हकीकतीतील खरा बोध होय.

देवधर मात्र जागचे हलले नाहीत. १९४४-४५ साली पुण्यास नवानगरविरुद्ध खेळताना त्यांनी एकाच सामन्यात दोन शतके काढली: पहिल्या डावात १०५, दुसऱ्यात १४१. तेव्हा ते त्रेपन्नाव्या वर्षात होते. १९४६ पर्यंत ते पहिल्या दर्जाचे क्रिकेट खेळले. एकंदर ८१ सामने आणि ४५२२ धावा, एवढा त्यांचा हिशेब नोंदला आहे. पस्तीस वर्षांच्या मानाने सामने थोडे. पण त्या काळी सामनेच थोडे होत. त्यांच्या तारा, सुंदर व सुमन या तिन्ही कन्यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. मुलींनी मैदानावर जाणे हे पुण्यातील पांढरपेशा घरांत सहज मान्य होण्याचा तो काळ नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या घरातील शिकवणुकीचे मोल कळते.

महाराष्ट्राच्या संघातही पराक्रम संपला नव्हता. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर यांनी नाबाद ४४३ धावा काढल्या. दुसऱ्या बाजूने कमल भांडारकर यांनी २०५ काढल्या, आणि महाराष्ट्राची धावसंख्या चार गडी बाद ८२६ झाली. ब्रॅडमनचा ४५२ चा उच्चांक केवळ नऊ धावांवर राहिला असता प्रतिपक्षाच्या कप्तानाने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामना तेथेच सोडून दिला. त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा झाल्या. महाराष्ट्राने दुसऱ्या डावात ६०४ धावा केल्या आणि तरीही ३५४ धावांनी पराभव पत्करला! पुढे १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशी तीन वेळा महाराष्ट्राची मजल अंतिम सामन्यापर्यंत गेली; अनुक्रमे मुंबई, पंजाब आणि कर्नाटक यांनी त्यास अडविले. शेजारच्या मुंबईने या अवधीत विजयांची रास घातली. विदर्भाने २०१७-१८ पासून तीन वेळा करंडक नेला. महाराष्ट्राच्या नावापुढे मात्र तीच दोन वर्षे.

तरीही त्या दोन हंगामांचे फळ केवळ दोन करंडक एवढेच नव्हते. १९४६ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडास गेला. त्यात हजारे होते, सोहोनी होते, सरवटे होते आणि सदू शिंदेही होते. ज्या दौऱ्याची संधी प्रोफेसरांस १९३२ साली मिळाली नाही, त्या दौऱ्यावर त्यांच्या संघात खेळलेले चार जण गेले. १९४८ च्या जानेवारीत अ‍ॅडलेडच्या कसोटीत ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध हजाऱ्यांनी ११६ आणि १४५ अशी दोन शतके काढली. आणि १९५२ च्या फेब्रुवारीत, ज्या मद्रासेत महाराष्ट्राने अकरा वर्षांपूर्वी आपला दुसरा करंडक जिंकला होता, त्याच मद्रासेत भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिलावहिला कसोटी विजय मिळविला. भारताचा कप्तान त्या दिवशी होता विजय हजारे.

देवधरांनी हे सर्व पाहिले आणि पुढेही पुष्कळ पाहिले. ते महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले, नियामक मंडळाचे उपाध्यक्ष झाले, राष्ट्रीय निवड समितीवर बसले. ज्यांना एकदा वयाच्या कारणाने वगळले होते, त्यांच्याच हाती इतरांना निवडण्याचे काम आले. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने देवधर करंडकाची स्पर्धा सुरू झाली. १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९९२ च्या संक्रांतीस त्यांच्या वयाची शंभर वर्षे पुरी झाली, आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांचे देहावसान झाले. मैदानावर अनेक शतके काढलेल्या या माणसाने आयुष्याचेही शतक पुरे केले.

आज परिस्थिती पालटली आहे. संस्थाने गेली, खेळाडूस मानधन मिळते, नोकरीसाठी बडोदे वा इंदूर गाठण्याची पाळी येत नाही. सामनेही एकट्या पुण्यात होत नाहीत. नाशिकसारख्या शहरांत ते होतात आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील मुले संघात येतात. १९५२ साली भारताकडून पाकिस्तानविरुद्ध कसोटी खेळलेले व महाराष्ट्राचे खेळाडू असलेले बाळ दाणी यांचे उत्तरायुष्य याच नाशकात गेले. ज्या द्रव्याच्या अभावी १९४१ चा संघ विखुरला, तो अभाव आता उरलेला नाही. उरला आहे तो दुसरा भाग: आठ गडी पडल्यावरही दुसऱ्या टोकाला उभे राहणारा नागरवाला, आणि आपल्याला नाकारले गेले तरी मैदान न सोडणारा प्रोफेसर. कान्हेरे मैदानावर बडोद्याविरुद्धचा विजय पाहून परतणाऱ्या नाशिककर मुलांना त्यांच्या वडीलधाऱ्यांनी ही दोन नावे अवश्य सांगावीत.